काळी स्क्रीन आणि ‘फॉरमॅट मारा’ : लिनक्सच्या पडद्यामागचा इतिहास

१/ थ्रेड 🧵
संगणकाचे बटण दाबले, पंखा फिरला, कंपनीचे चिन्ह उमटले आणि त्यानंतर स्क्रीन काळी पडली. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात बहुधा दोन शब्दांचा सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारा.’ लिनक्सच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा अनावश्यक असतो, कधी कधी घातकही ठरतो. असे का, याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात आहे. तो इतिहास आणि त्यातून निघालेले उपाय या थ्रेडमध्ये क्रमाने मांडले आहेत.

२/ हिंगोली जिल्हा म्हटले की औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नरसी आठवते. त्याच औंढा तालुक्यात दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. परस्परांना काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. ज्या अमेरिकी वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर नोंदवली, तेथील नियंत्रणाची संगणकव्यवस्था लिनक्सवर चालते.

३/ मात्र जिल्ह्यातील घराघरांत लिनक्स येण्याची वाट वेगळी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि अनेक धडधाकट जुनी यंत्रे या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू उत्तम चालते. अडचण आलीच तर ती प्रामुख्याने एका जागी येते : ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर.

४/ सेनगाव तालुक्यातील, इतिहासात एम.ए. करणारी एखादी विद्यार्थिनी कल्पावी. घरी कुणाच्या तरी कार्यालयातून आलेला जुना डेस्कटॉप आहे. डिस्कवर अर्धा प्रबंध आहे आणि दोन वर्षे दारोदार फिरून टिपलेली मोडी कागदांची छायाचित्रे आहेत. त्यांतील काही मूळ कागद एव्हाना वाळवीने खाल्ले असतील. एके सकाळी अपडेटनंतर स्क्रीन काळी पडते. ‘फॉरमॅट’ या शब्दाची किंमत अशा वेळी कळते. डिस्क पुसली गेली, तर त्या कागदांची शेवटची प्रतही जाते.

५/ म्हणून पहिले सूत्र : माहिती डिस्कवर असते, स्क्रीनवर नसते. काळी स्क्रीन एवढेच सांगते की आतले बाहेर दाखवणारी साखळी कुठेतरी तुटली आहे. त्या साखळीत चार कड्या आहेत. पहिली म्हणजे ग्राफिक्स कार्ड. दुसरी, कर्नलमधील ड्रायव्हर. तिसरी, खिडक्या रेखाटणारा डिस्प्ले सर्व्हर. चौथी, त्यावरचा डेस्कटॉप. दुरुस्ती म्हणजे कोणती कडी निखळली हे शोधणे. चारही कड्या वितळवून नव्याने घडवण्याची गरज क्वचितच पडते.

६/ यांत ड्रायव्हरची भूमिका मराठी इतिहासाच्या वाचकाला सहज उमगेल. मराठी दरबारात फारसी पत्रव्यवहार पाहण्यासाठी पारसनीस असे. पारसनीस रजेवर गेला म्हणजे दिल्लीहून आलेला खलिता नष्ट होत नसे. तो फक्त वाचला जात नसे. ड्रायव्हर हा कर्नलचा पारसनीस होय. ‘हा ठिपका या रंगाचा कर’ ही आज्ञा तो त्या विशिष्ट कार्डाच्या भाषेत उतरवतो. पारसनीस सापडत नाही म्हणून दफ्तरखाना जाळणे याला आजच्या बोलीत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात.

७/ आता इतिहास. १९८३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. डीईसी आणि आयबीएम या कंपन्या त्यात सहभागी होत्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर विद्यार्थ्यांना एकसारखे काम करता यावे, हा हेतू होता. त्यासाठी बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये ‘एक्स’ ही खिडक्यांची व्यवस्था रचली. स्टॅनफर्डमधील ‘डब्ल्यू’ या व्यवस्थेवर ती आधारलेली होती, म्हणून वर्णमालेतले पुढचे अक्षर. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. ‘एक्स-११’ हे नाव तेव्हापासून आजवर टिकून आहे.

८/ एक्स ही विद्यापीठांतील महागड्या वर्कस्टेशनांची व्यवस्था होती. ती घरगुती पीसीवर आणण्याचे काम थॉमस रोएल यांच्या ‘एक्स-३८६’ ने केले. पुढे त्यातूनच १९९२ मध्ये स्वयंसेवकांनी ‘एक्सफ्री-८६’ हा प्रकल्प उभारला. नावात श्लेष आहे. इंग्रजीतल्या ‘थ्री’च्या जागी ‘फ्री’ बसवलेला आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांचे कर्नल १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरच्या यंत्रावर जन्मले, त्याच जातीच्या यंत्रांना अशा प्रकारे खिडक्या मिळाल्या.

९/ त्या काळी स्क्रीन चालू करणे हेच एक कसब होते. मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता त्याच्या पुस्तिकेतून शोधायची, ती एका फाईलमध्ये हाताने लिहायची, आणि प्रत्येक रिझोल्यूशनसाठी अंकांची लांबलचक ओळ जुळवायची. चुकीचे आकडे दिल्यास काचेच्या नळीचा मॉनिटर खराब होऊ शकतो, असा स्पष्ट इशारा एक्सफ्री-८६ च्या माहितीपत्रांत असे. जुन्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या मनात स्क्रीनबद्दल जी धास्ती असते, तिचे मूळ येथे आहे.

१०/ १९९४ मध्ये व्हेसा या मानक-संस्थेने ‘ईडीआयडी’ची रीत आणली. मॉनिटर स्वतःच १२८ बाइटांत आपली ओळख सांगू लागला : माझे नाव अमुक, मला तमुक रिझोल्यूशने झेपतात. आजही ही ओळखपत्रिका वाटेत हरवली, तर स्क्रीन १०२४ बाय ७६८ सारख्या ठोकळेबाज आकारात अडकते. स्वस्त व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर आणि पिन वाकलेली केबल ही त्याची नेहमीची कारणे. म्हणून चित्र दिसते पण आकार चुकतो, अशा तक्रारीत ड्रायव्हरला हात लावण्याआधी केबल बदलून पाहावी.

११/ एक्सफ्री-८६ च्या रचनेत एक खोल दोष होता. ग्राफिक्स कार्डाशी कर्नल बोलत नसे. एक्स सर्व्हर हा प्रोग्राम स्वतःच सर्वाधिकार घेऊन कार्डाशी थेट व्यवहार करी. धन्याला न विचारता कारभाऱ्यानेच परराज्याशी तह करावा, तसा हा प्रकार होता. सर्व्हर कोसळला की कार्ड कोणत्या अवस्थेत आहे हे कर्नलला ठाऊकच नसे. परिणामी अक्षरी कन्सोलही परत मिळत नसे. यंत्र जिवंत, स्क्रीन मृत. आणि मार्ग एकच : वीज तोडणे.

१२/ हा कारभार २००९ मध्ये बदलला. कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या कार्डांसाठी ‘कर्नल मोड सेटिंग’ आले. त्याच वर्षी रेडिऑनसाठी, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीत एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मुक्त ड्रायव्हरद्वारे तीच सोय झाली. रिझोल्यूशन आणि वारंवारता ठरवण्याचा अधिकार आता कर्नलकडे आला. खिडक्यांची व्यवस्था कोसळली तरी कर्नल स्क्रीन परत ताब्यात घेऊ शकतो. पुढचे पहिले दोन उपाय याच बदलावर उभे आहेत.

१३/ उपाय पहिला : यंत्र जिवंत आहे का ते पाहणे. कॅप्स लॉक दाबून कळफलकावरचा दिवा लागतो-विझतो का, हे तपासावे. लागत असल्यास कर्नल बहुधा जागा आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पार्श्वभूमीवर ‘लॉगिन’ असा शब्द आला, तर निम्मी लढाई जिंकली. पहिल्या दोन कड्या किमान काम भागेल इतपत शाबूत आहेत आणि दोष डिस्प्ले सर्व्हर, डेस्कटॉप किंवा त्यांना लागणाऱ्या ड्रायव्हरच्या भागात आहे. येथे नाव आणि पासवर्ड देऊन आत जाता येते, फायली पेनड्राइव्हवर उतरवता येतात.

१४/ उपाय दुसरा : अक्षरी कन्सोलही न आल्यास यंत्र पुन्हा सुरू करताना शिफ्ट, आणि नव्या यंत्रांत एस्केप ही कळ दाबून ‘ग्रब’ची यादी आणावी. पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबावे. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द सलग, लहान रोमन अक्षरांत लिहावा आणि एफ-१० दाबावे. या एका शब्दाने कर्नलला सांगितले जाते : २००९ मध्ये मिळालेला अधिकार आजच्यापुरता वापरू नकोस, फर्मवेअरने जी साधी स्क्रीन दिली आहे तीवरच भागव.

१५/ नोमोडसेटने आलेली स्क्रीन जाडीभरडी असते, व्हिडिओ अडखळतात. तरी ती पाहून हुरूप यावा, कारण ती एक पुरावा आहे. कार्ड, केबल आणि मॉनिटर बहुधा ठीक आहेत आणि दोष ड्रायव्हरकडे आहे, एवढे तिने सिद्ध केलेले असते. हा बदल त्या एका खेपेपुरता असतो. अनेक जण तो कायमचा करून ठेवतात आणि चांगले कार्ड असून वर्षानुवर्षे लंगड्या स्क्रीनवर काम करतात. ती तात्पुरती कुबडी आहे. तिच्या आधारे उभे राहून खरा दोष शोधायचा असतो.

१६/ उपाय तिसरा : साक्षीपुरावा. टर्मिनलमध्ये ‘एल-एस-पी-सी-आय’ ही आज्ञा ‘-के’ जोडून दिली, की प्रत्येक कार्डाखाली कोणता ड्रायव्हर कामावर आहे हे दिसते. (आज्ञा येथे उच्चाराने दिल्या आहेत; त्या लहान रोमन अक्षरांत टंकाव्यात.) ‘जर्नल-सी-टी-एल’ला ‘-बी -१’ जोडले की मागच्या खेपेला यंत्र सुरू असतानाची नोंद वाचता येते. काळी स्क्रीन नेमकी त्याच खेपेची असते. म्हणजे घटनेच्या वेळचे दफ्तर शाबूत आहे. फॉरमॅट मारणारा पहिल्यांदा तेच नष्ट करतो.

१७/ हे दफ्तर वाचण्याची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवी नाही. शेवटच्या ओळीवरून निष्कर्ष काढू नये. संकटाची पहिली ओळ शोधावी. एकदा ड्रायव्हर पडला की पुढे शंभर प्रोग्राम आपापली तक्रार नोंदवतात. ती सारी परिणामांची यादी असते. एक्सच्या नोंदवहीत चुकीपुढे कंसात ‘ई’ हे रोमन अक्षर दोनदा लिहिलेले असते आणि इशाऱ्यापुढे ‘डब्ल्यू’ दोनदा. बखरीतल्या रसाळ वर्णनापेक्षा समकालीन कागदातला रुक्ष तपशील अधिक विश्वसनीय, हा नियम येथेही लागू पडतो.

१८/ मग प्रश्न उरतो : अपडेटनंतरच असे का घडते? लिनक्सचे कर्नल आपली अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे वचन देत नाही. जे ड्रायव्हर कर्नलच्या मुक्त संहितेत सामील आहेत, ते कर्नल बदलणारेच सोबत सुधारत नेतात. जो ड्रायव्हर बाहेरचा आहे, त्याला प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा जुळवून घ्यावे लागते. हे काम ‘डीकेएमएस’ नावाची यंत्रणा अपडेटच्या वेळी करते. आवश्यक ‘हेडर’ फायली नसल्या, किंवा अपडेट चालू असताना वीज गेली, तर ते अर्धवट राहते.

१९/ उपाय चौथा : वीज गेल्याने अपडेट अर्धवट राहणे ही मराठवाड्यातल्या वाचकांना सांगावी लागेल अशी गोष्ट नव्हे. उबुंटू आणि मिंटमध्ये अशा वेळी अक्षरी कन्सोलवरून ‘सुडो डी-पी-के-जी’ला ‘--कॉन्फिगर -ए’ जोडून आज्ञा द्यावी. राहिलेले काम ती पुरे करते. त्याहून सोपी वाटही आहे. ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून मागील कर्नल सुरू करावे. आधीचा कर्नल सहसा जपून ठेवलेला असतो. कालपर्यंत जे चालत होते, ते त्यावर आजही चालण्याची शक्यता मोठी.

२०/ आता या इतिहासातले सर्वांत कडवट प्रकरण. एनव्हिडियाने २००० च्या सुमारास लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण बंद स्वरूपात. कार्डाची भाषा कंपनीने उघड केली नाही. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये आपल्या कार्डांची कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. इंटेलचा ड्रायव्हर मुक्तच होता. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्स यांनी भर सभेत एनव्हिडियावर शेलक्या शब्दांत आगपाखड केली, ती या पार्श्वभूमीवर.

२१/ कागदपत्रे नसताना काही स्वयंसेवकांनी त्या कार्डांची भाषा शोधून काढली. स्तेफान मार्शेसाँ यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाचे नाव ‘नूवो’. बंद ड्रायव्हर चालू ठेवायचा, तो कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर कोणता अंक लिहितो ते टिपायचे, एक गोष्ट बदलून पुन्हा टिपायचे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी वारंवार येणारी तीच अक्षरे पाहिली, ती ‘दानं’ असावीत असे ताडले आणि त्या आधारे ब्राह्मी उलगडली. पुनरावृत्तीवरून अर्थाकडे जाण्याची ती रीत आणि नूवोची रीत एकाच कुळातली आहे.

२२/ नूवो कर्नलसोबतच येतो. म्हणून एनव्हिडियाचे कार्ड असले तरी नवीन लिनक्सवर काहीतरी दिसते. पण २०१४ पासूनच्या ९०० मालिकेत कंपनीने स्वाक्षरी केलेले फर्मवेअर आवश्यक केले आणि नूवोला त्या कार्डांचा वेग वाढवता येईना. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधील भागाची संहिता खुली केली, तीही ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांसाठी. जुनी कार्डे या खुलेपणाच्या अलीकडच्या तीरावर राहिली. सेनगावातल्या कल्पित डेस्कटॉपसारख्या असंख्य यंत्रांत अशीच कार्डे आहेत.

२३/ उपाय पाचवा : कार्डाच्या पिढीनुसार ड्रायव्हर. एनव्हिडियाच्या ८, ९ आणि २०० मालिकांसाठी ३४० ही शाखा होती. तिचा आधार २०१९ अखेर संपला. फर्मी पिढीची ३९० शाखा २०२२ अखेर थांबली. केप्लर पिढीची ४७० शाखा २०२४ पर्यंत चालली. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा. अतिशय जुन्या कार्डाला बंद ड्रायव्हर बसवण्याचा हट्ट सोडून नूवोवर राहणे हाच शहाणपणा. दोन्ही एकाच वेळी कार्डावर हक्क सांगू लागले, तरी स्क्रीन काळी पडते.

२४/ उपाय सहावा : सिक्युअर बूट. हे चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या खेपेला निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मॉक’ असा पर्याय येतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले, की किल्लीची नोंद होत नाही आणि ड्रायव्हर दाराबाहेर राहतो. सारे बसवूनही ‘ड्रायव्हर सापडत नाही’ असे यंत्र म्हणत असेल, तर हा टप्पा चुकला का ते आधी पाहावे.

२५/ तिसऱ्या कडीतही सत्तांतर झाले. फेब्रुवारी २००४ मध्ये एक्सफ्री-८६ ने परवान्यात नवी अट घातली. ती न रुचल्याने लिनक्सच्या बहुतेक वितरणांनी त्याच वर्षी ‘एक्स-ऑर्ग’ची वाट धरली आणि बारा वर्षांचा प्रकल्प ओस पडला. २००८ मध्ये क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी ‘वेलँड’ची मांडणी केली, नोव्हेंबर २०१६ मध्ये फेडोरा २५ ने तिला मुख्य स्थान दिले. एनव्हिडिया बराच काळ वेगळ्या पद्धतीवर अडून राहिली आणि इतरांची पद्धत तिने २०२१ मध्ये मान्य केली. त्यामुळे जुन्या ड्रायव्हरवर वेलँड आजही रुसते.

२६/ उपाय सातवा : लॉगिनची चौकट दिसते, पासवर्ड दिला की क्षणभर काळोख होतो आणि पुन्हा तीच चौकट येते. अशा वेळी चौकटीजवळचे दातेरी चाकाचे चिन्ह दाबून एक्स-ऑर्ग आणि वेलँड यांतील दुसरा पर्याय निवडावा. मात्र २०२५ च्या उत्तरार्धातील उबुंटूने मुख्य डेस्कटॉपमधून एक्स-ऑर्गचा पर्याय काढला आहे. जुन्या कार्डासाठी लिनक्स मिंट किंवा एक्सएफसीई डेस्कटॉप असलेले वितरण म्हणूनच अधिक सोयीचे पडते. अशी चौकट वारंवार परतत असेल, तर डिस्क भरली आहे का, हेही पाहावे. तेही एक नेहमीचे कारण आहे.

२७/ स्क्रीन नीट आली, पण जोडाक्षरे फुटलेली दिसतात, वेलांट्या भलत्या जागी पडतात. हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष नव्हे. तो फाँटचा आणि अक्षरे जुळवणाऱ्या प्रणालीचा. पण त्याचाही इतिहास महाराष्ट्रातून जातो. डॉसच्या काळात देवनागरी दिसावी म्हणून संगणकात ‘जिस्ट कार्ड’ बसवावे लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. लिपीचे ज्ञान तेव्हा त्या कार्डात होते. ते कार्ड निघाले की यंत्राला मराठी दाखवता येत नसे.

२८/ नंतर युनिकोड आले, ‘लोहित देवनागरी’सारखे मुक्त फाँट आले, ‘हार्फबझ’ने अक्षरजुळणीचे काम उचलले. लिपीचे ज्ञान कार्डातून सुटून सर्वांच्या मालकीचे झाले. आज लिनक्सवर फुटकी जोडाक्षरे दिसल्यास देवनागरी फाँट बसवणे एवढेच बहुधा पुरते. ज्ञान खुले झाल्यावर दुरुस्ती किती सोपी होते, याचा हा घरचा दाखला. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांवर कटकटी कमी का होतात, याचेही उत्तर यातच आहे. जुने यंत्र विकत घेताना ही एक गोष्ट जरूर विचारात घ्यावी.

२९/ हिंगोलीला हा धडा दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि त्या काळचे बरेच महसुली कागद उर्दूत व मोडीत आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हिंगोलीसह साऱ्या जिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. कपाटात कागद होते, पण ते वाचू शकणारे हात मोजकेच उरले होते. वाचणारा नाही म्हणून कागद कुणी जाळले नाहीत, हे त्या नोंदींचे भाग्य.

३०/ उपाय आठवा, शेवटचा : काहीच जमले नाही, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. उबुंटूत ‘सेफ ग्राफिक्स’ आणि मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असा पर्याय निवडावा. नोमोडसेटची जाडीभरडी स्क्रीन त्यातूनही मिळते. मग आतील डिस्क उघडून आपल्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करावी आणि त्यानंतरच नव्याने लिनक्स बसवण्याचा विचार करावा. दुकानात यंत्र देतानाही ‘डिस्क पुसायची नाही’ असे पावतीवर लिहून घ्यावे.

३१/ मदत मागतानाची एक शिस्तही येथे सांगणे आवश्यक. अठराव्या शतकातील अनेक मराठी पत्रांवर चंद्राची तारीख असते, वर्ष नसते. ते वर्ष ठरवण्यात संशोधकांचे दिवस जातात. ‘स्क्रीन येत नाही, काय करू?’ हा प्रश्न तसाच बिनवर्षाचा असतो. कार्डाचे नाव, ड्रायव्हरची शाखा, कर्नलची आवृत्ती, बिघाडाआधी केलेला शेवटचा बदल आणि नोंदवहीतील पहिली चुकीची ओळ, एवढे दिले की उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम होते.

३२/ सार : आधी फायली वाचवाव्यात. यंत्र जिवंत आहे का ते पाहावे. नोमोडसेटने आत जावे, ड्रायव्हरचे नाव व नोंद वाचावी. मागील कर्नल, योग्य शाखा, सिक्युअर बूट आणि सत्राचा पर्याय या क्रमाने तपासावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा. जुन्या यंत्रावर प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकापर्यंत हा थ्रेड पोहोचवावा. आणि कुणाच्या स्क्रीनवर याहून निराळे काही दिसले असल्यास ते सर्व तपशिलांसह खाली नोंदवावे. 🙏